निकालावरचा विश्वास : परकीय अपप्रचार, समाजमाध्यमे आणि निवडणुका

निवडणुकीची खरी कसोटी हरलेल्या उमेदवारापाशी लागते. जिंकणाऱ्याला निकाल मान्य असतोच. ज्याच्या हाती सत्ता आली नाही तो, आणि त्याच्यामागे उभे राहिलेले लाखो मतदार, मोजणी खरी झाली असे मानून घरी जातात आणि पुढच्या निवडणुकीची तयारी करू लागतात, तेव्हा सत्ता शांतपणे एका हातातून दुसऱ्या हातात जाते. हा विश्वास कायदा करून निर्माण होत नाही. मतदार यादी, बोटावरची शाई, मोजणीच्या टेबलाभोवती बसलेले सर्व पक्षांचे प्रतिनिधी, आक्षेपांची सुनावणी अशा असंख्य लहान व्यवस्थांतून तो वर्षानुवर्षे साठत जातो. परकीय अपप्रचाराचा नेम या साठ्यावर असतो. एखादा उमेदवार पाडणे किंवा निवडून आणणे हा त्याचा एक हेतू. पण गेल्या दहा-बारा वर्षांतील प्रकरणे शेजारी शेजारी ठेवली, तर दुसरा हेतू अधिक ठळकपणे दिसतो. कोणीही जिंको, निम्म्या देशाला निकाल खोटा वाटला पाहिजे.

या विषयाची हद्द आधी आखून घेणे आवश्यक आहे. चुकून पसरलेली खोटी बातमी अपप्रचारात मोडत नाही; ती पसरवणाऱ्याला ती खरीच वाटत असते. एखाद्या देशाने आपल्या आकाशवाणीवरून उघडपणे मांडलेली भूमिकाही यात येत नाही, कारण बोलणारा कोण हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. परकीय अपप्रचारात तीन गोष्टी एकत्र येतात : दुसऱ्या देशाचे सरकार किंवा त्याने पैसे देऊन नेमलेली माणसे, फसवण्याचा हेतू, आणि लपवलेली ओळख. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण मजकूर पुष्कळदा खराच असतो. चोरून आणलेले खरे ईमेल, संदर्भ तोडलेले खरे छायाचित्र, मतदाराच्या मनात आधीपासून असलेला खरा राग यांचा वापर होतो. खोटा असतो तो बोलणाऱ्याचा चेहरा. त्यामुळे केवळ 'खरे की खोटे' ही पडताळणी येथे अपुरी पडते.

हे तंत्र समाजमाध्यमांच्या कितीतरी आधीचे आहे. ब्रिटनमध्ये २९ ऑक्टोबर १९२४ रोजी सार्वत्रिक निवडणूक होती. तिच्या चार दिवस आधी 'डेली मेल'ने एक पत्र छापले. कम्युनिस्ट इंटरनॅशनलचे प्रमुख ग्रिगोरी झिनोव्हिएव्ह यांनी ते ब्रिटिश कम्युनिस्टांना लिहिले असल्याचा आणि त्यात बंडाची चिथावणी असल्याचा दावा होता. रॅम्से मॅकडोनल्ड यांचे मजूर पक्षाचे पहिलेच सरकार त्या निवडणुकीत गेले. पत्र जवळजवळ निश्चितपणे बनावट होते, असा निष्कर्ष ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या इतिहासकार गिल बेनेट यांनी १९९९ मध्ये काढला. मात्र त्या निवडणुकीत मजूर पक्षाची मते आधीच्यापेक्षा सुमारे दहा लाखांनी वाढली होती. कोसळला तो लिबरल पक्ष. पत्राने सरकार पाडले, हे शंभर वर्षे सांगितले जाणारे वाक्य आकड्यांसमोर टिकत नाही. खोट्याचा परिणाम मोजण्याची ही अडचण या विषयात पुढे पदोपदी भेटते.

शीतयुद्धात दोन्ही बाजूंनी हे हत्यार वापरले. १९४८ च्या इटलीतील निवडणुकीत अमेरिकेच्या सीआयएने ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाला गुप्तपणे पैसा पुरवला. सोव्हिएत केजीबीचे सर्वांत गाजलेले खोटे भारतातून सुरू झाले. जुलै १९८३ मध्ये दिल्लीच्या 'पेट्रियट' या दैनिकात एक निनावी पत्र छापून आले. एड्सचा विषाणू अमेरिकेने फोर्ट डेट्रिक येथील लष्करी प्रयोगशाळेत तयार केला, असा त्याचा आशय होता. दोन वर्षांनी मॉस्कोच्या 'लितेरातुर्नाया गझेता'ने भारतीय वृत्तपत्राचा हवाला देऊन तेच छापले, आणि पुढे ते डझनावारी देशांतील वृत्तपत्रांत पोहोचले. १९९२ मध्ये रशियाच्या परराष्ट्र गुप्तचर संस्थेचे प्रमुख येवगेनी प्रिमाकोव्ह यांनी यामागचा सोव्हिएत हात मान्य केला. एका तिऱ्हाईत देशातील वृत्तपत्रात बीज टाकायचे, थांबायचे, मग त्याचाच दाखला द्यायचा, ही रीत आजही तशीच आहे. तेव्हा त्याला दोन वर्षे लागली. आज दोन तास पुरतात.

समाजमाध्यमांनी जे बदलले ते मुख्यतः तीन ठिकाणी. पूर्वी खोटी बातमी छापून आणण्यासाठी एखादा संपादक गाठावा लागे; आता संपादकाची गरजच उरली नाही. पूर्वी परका माणूस परका म्हणून ओळखू येई. आता तो शेजारच्या गावातला तरुण, निवृत्त सैनिक किंवा गृहिणी म्हणून बोलू शकतो. आणि कोणता मजकूर कोणाला दिसावा हे आता माणूस ठरवत नाही. लोक कशावर थांबतात, कशावर चिडतात, काय पुढे पाठवतात हे पाहून अल्गोरिदम ते ठरवतो. चिडवणारा मजकूर जास्त चालतो, हे ज्याला कळले त्याला जाहिरातीवर फारसा खर्च करावा लागत नाही.

सेंट पीटर्सबर्गमधील 'इंटरनेट रिसर्च एजन्सी'ने हे फार लवकर ओळखले. येवगेनी प्रिगोझिन या धनिकाच्या पैशावर २०१३ पासून चालणाऱ्या या कार्यालयात शेकडो माणसे पाळ्यांमध्ये काम करत आणि अमेरिकन असल्याचे भासवून खाती चालवत. अमेरिकेच्या विशेष वकिलांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये दाखल केलेल्या आरोपपत्रात १३ रशियन नागरिक आणि ३ कंपन्यांची नावे होती. फेसबुकच्या अंदाजानुसार या कार्यालयाचा मजकूर सुमारे १२ कोटी ६० लाख लोकांच्या नजरेसमोरून गेला असावा. त्यातला एक प्रसंग ही पद्धत नेमकी दाखवतो. २१ मे २०१६ रोजी ह्यूस्टनमधील एका इस्लामी केंद्रासमोर दोन जमाव आमनेसामने आले. एकाला 'हार्ट ऑफ टेक्सास' या फेसबुक पानाने इस्लामविरोधी निदर्शनासाठी बोलावले होते, दुसऱ्याला 'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका' या पानाने इस्लामी ज्ञानाच्या रक्षणासाठी. दोन्ही पाने सेंट पीटर्सबर्गहून चालत होती, आणि साऱ्या प्रकारावर जाहिरातीचा खर्च झाला तो सुमारे २०० डॉलर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसे अमेरिकनच होती, त्यांचा राग खरा होता. बाहेरच्याने फक्त वेळ आणि जागा ठरवली.

त्याच वर्षी रशियाच्या लष्करी गुप्तचर विभागाने, म्हणजे जीआरयूने, दुसरा मार्ग वापरला. हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारप्रमुखांचा आणि डेमोक्रॅटिक पक्षाच्या मुख्यालयाचा ईमेल साठा चोरून तो विकिलीक्स आणि बनावट नावांच्या संकेतस्थळांवरून टप्प्याटप्प्याने बाहेर काढला गेला. पहिला मोठा साठा २२ जुलै २०१६ रोजी, पक्षाच्या अधिवेशनाच्या तोंडावर आला. विशेष वकील रॉबर्ट म्यूलर यांचा अहवाल आणि सिनेटच्या गुप्तचर समितीचे पाच खंड, ज्यांवर दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी काम केले, या हस्तक्षेपाबद्दल शंका ठेवत नाहीत.

पण हस्तक्षेप झाला आणि निकाल बदलला, ही दोन वेगळी विधाने आहेत. त्या निवडणुकीत मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतील मिळून सुमारे ७८ हजार मतांवर अध्यक्षपद ठरले, म्हणून अनेकांनी दुसरे विधानही सिद्ध झाल्यासारखे मांडले. 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासाने ट्विटरपुरते वेगळे चित्र दाखवले. रशियन खात्यांचा मजकूर पाहण्याचे ७० टक्के प्रसंग अवघ्या १ टक्का वापरकर्त्यांच्या वाट्याला आले होते, ते बहुतांशी आधीच ठाम रिपब्लिकन होते, आणि त्यांच्या मतांत किंवा मतदानात मोजता येण्याजोगा बदल आढळला नाही. चोरलेल्या ईमेलचा परिणाम या अभ्यासाच्या कक्षेत नव्हता. तरीही त्याचा धडा मोठा आहे. अपप्रचाराचे सामर्थ्य वाढवून सांगणे हे अपप्रचार करणाऱ्याचे अर्धे काम फुकटात करून देणे होय. नोव्हेंबर २०२२ मध्ये, अमेरिकेतील मध्यावधी निवडणुकीच्या आदल्या दिवशी, प्रिगोझिन यांनी आपण हस्तक्षेप केला आहे, करत आहोत आणि करत राहू, असे जाहीर केले. ही कबुली कोणत्याही पश्चात्तापातून आलेली नव्हती. 'सगळीकडे आम्हीच आहोत' असे लोकांना वाटावे, हाच तिचा उपयोग होता.

फ्रान्सने २०१७ मध्ये तुलनेने चांगला बचाव केला. ५ मे रोजी रात्री, प्रचारबंदी सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी, एमान्युएल माक्राँ यांच्या प्रचारयंत्रणेतील सुमारे ९ गिगाबाइट मजकूर इंटरनेटवर टाकण्यात आला. निवडणूक आयोगाने माध्यमांना तो न छापण्याचे आवाहन केले, बहुतेक वृत्तपत्रांनी ते पाळले, आणि चोर येणार हे ओळखून माक्राँ यांच्या माणसांनी आधीच काही बनावट कागद त्यात मिसळून ठेवले होते. दोन दिवसांनी माक्राँ ६६ टक्के मतांनी निवडून आले. स्लोव्हाकियात सप्टेंबर २०२३ मध्ये हीच प्रचारबंदी उलटी पडली. मतदानाच्या दोन दिवस आधी विरोधी नेते मिखाल शिमेच्का एका महिला पत्रकाराशी मते विकत घेण्याबद्दल बोलत आहेत, अशी ध्वनिफीत फिरली. ती कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली होती. पण कायद्याने सक्तीची शांतता चालू असताना तिचे खंडन पुरेशा लोकांपर्यंत पोहोचू शकले नाही. ती कोणी बनवली हे सिद्ध झालेले नाही.

या सगळ्यांत अधिक थांबून पाहावे असे प्रकरण रोमानियाचे आहे, कारण तेथे हल्ला आणि त्यावरचा इलाज दोन्ही टोकाला गेले.

२४ नोव्हेंबर २०२४ रोजी रोमानियात अध्यक्षपदाची पहिली फेरी झाली. मृदाशास्त्राचे जाणकार, कोणत्याही मोठ्या पक्षाचा पाठिंबा नसलेले कालिन जॉर्जेस्कू हे बहुतेक मतदानपूर्व चाचण्यांत एक आकडी टक्क्यांवर होते. त्यांना सुमारे २३ टक्के, म्हणजे २१ लाखांहून अधिक मते मिळाली आणि ते पहिले आले. एलेना लास्कोनी दुसऱ्या आल्या, आणि पंतप्रधान मार्चेल चोलाकू सुमारे २,७०० मतांनी दुसऱ्या फेरीबाहेर फेकले गेले. जॉर्जेस्कू यांनी प्रचारावर शून्य खर्च दाखवला होता. त्यांचा प्रचार टिकटॉकवर झाला : घोड्यावर बसलेले, थंड पाण्यात पोहणारे, देव-देश-शेती यांवर हळू आवाजात बोलणारे जॉर्जेस्कू लाखो फोनवर दिसत राहिले. वृत्तवाहिन्यांच्या चर्चांमध्ये त्यांचे नावही क्वचित निघत होते.

पुढचे बारा दिवस रोमानियाच्या संस्थांची परीक्षा घेणारे ठरले. घटनात्मक न्यायालयाने आधी सर्व मतांची फेरमोजणी करायला सांगितली, आणि २ डिसेंबरला पहिली फेरी वैध ठरवली. ४ डिसेंबरला अध्यक्ष क्लाउस योहानिस यांनी गुप्तचर संस्थांचे काही अहवाल खुले केले. सुमारे २५ हजार टिकटॉक खाती मतदानाच्या दोन आठवडे आधी एकदम सक्रिय झाली होती आणि त्यांतली जवळपास ८०० खाती २०१६ पासून निपचित पडून होती. एका वापरकर्त्याने महिन्याभरात टिकटॉकवरील प्रभावी व्यक्तींना ३ लाख ८१ हजार डॉलर वाटले होते. निवडणुकीच्या संगणक व्यवस्थेवर ८५ हजारांहून अधिक हल्ले झाले होते, असे त्यांत होते. या पद्धती रशियाने इतरत्र वापरलेल्या पद्धतींशी जुळतात, असेही अहवालांत म्हटले होते. ६ डिसेंबरला त्याच न्यायालयाने संपूर्ण निवडणूक रद्द केली. दुसरी फेरी दोन दिवसांवर आली होती आणि परदेशातील रोमानियन नागरिकांचे मतदान त्या दिवशी सुरूही झाले होते.

युरोपीय संघातील एका देशाने समाजमाध्यमांवरील हस्तक्षेपाच्या कारणावरून राष्ट्रीय निवडणूकच मोडीत काढल्याची ही घटना अभूतपूर्व होती. तिला आधार देणारे पुरावे मात्र लोकांपुढे फारच थोडे आले. त्याच डिसेंबरमध्ये रोमानियन शोधपत्रकारांनी आणखी एक गोष्ट उघड केली. जॉर्जेस्कू यांना फायदा झालेल्या टिकटॉक मोहिमांपैकी एकीचा पैसा तेव्हा सत्ताधारी आघाडीत असलेल्या नॅशनल लिबरल पक्षाकडून आला होता, असे कर विभागाच्या तपासात आढळले होते. आपली मोहीम भलतीकडे वळवली गेली, असे पक्षाचे म्हणणे होते. म्हणजे परकीय हात कोठे संपतो आणि देशी पैसा कोठे सुरू होतो, ही रेषा निकालपत्रातल्याइतकी स्वच्छ नव्हती. युरोप परिषदेच्या व्हेनिस आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले की निवडणूक रद्द करण्याचा निर्णय केवळ गोपनीय गुप्तचर माहितीवर उभा राहू नये. गैरप्रकार आणि पुरावे नेमकेपणाने सांगितले गेले पाहिजेत. हे मत योग्य आहे. मतदाराला न दाखवता येणाऱ्या पुराव्यावर त्याचे मत बाद करणे म्हणजे त्याच्या विश्वासाची दुसऱ्यांदा हानी करणे.

त्याचवेळी न्यायालयाचा पेचही खरा होता. निवडणूक तशीच पुढे जाऊ दिली असती आणि वर्षभराने परकीय पैसा सिद्ध झाला असता, तर तोवर पद, सैन्य आणि परराष्ट्र धोरण एका माणसाच्या हाती गेलेले असते. कायद्याला लागणारा पुरावा महिन्यांनी मिळतो. मतदानाची तारीख आठवड्यांवर असते. या दोन वेळापत्रकांतले अंतर हीच अपप्रचार करणाऱ्याची सर्वांत मोठी सोय आहे, आणि कोणत्याही लोकशाहीला त्यावर अजून समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

पुढच्या घटनांनी हे आणखी उघड केले. मार्च २०२५ मध्ये जॉर्जेस्कू यांना फेरनिवडणुकीत उभे राहण्यास मनाई झाली. बुखारेस्टच्या रस्त्यांवर निदर्शने झाली. ४ मेच्या पहिल्या फेरीत त्यांच्याच विचारांचे जॉर्जे सिमियोन सुमारे ४१ टक्के मते घेऊन पुढे गेले. रद्द झालेल्या निवडणुकीने राग विझला नव्हता, वाढला होता. १८ मेच्या दुसऱ्या फेरीत बुखारेस्टचे महापौर, गणितज्ञ निकुशोर दान ५३.६ टक्के मतांनी विजयी झाले. सिमियोन यांनी आधी पराभव मान्य केला आणि दोन दिवसांनी न्यायालयात धाव घेतली. या वेळी परकीय हस्तक्षेप फ्रान्स आणि मोल्दोव्हाने केला, म्हणून डिसेंबरच्याच न्यायाने हीही निवडणूक रद्द करा, अशी त्यांची मागणी होती. न्यायालयाने ती फेटाळली. पण एकदा वापरलेला उपाय पुढच्या प्रत्येक हरलेल्या पक्षाच्या हाताशी राहतो, हे दिसायला सहा महिनेही लागले नाहीत.

जॉर्जेस्कू यांना मते का मिळाली, याचे उत्तर केवळ टिकटॉकमध्ये शोधणारे विश्लेषण अपुरे आहे. २०२४ मध्ये युरोपीय संघात सर्वाधिक महागाई रोमानियात होती. लाखो रोमानियन इटली, स्पेन, जर्मनीत मजुरी करतात. परदेशातील मतदानात जॉर्जेस्कू पहिले होते. दोन जुने प्रतिस्पर्धी पक्ष एकत्र सत्तेत बसले होते आणि नाराज मतदाराला जायला जागा नव्हती. बनावट खाती या असंतोषावर पोसली गेली. तो त्यांनी निर्माण केला नाही.

शेजारच्या मोल्दोव्हात पद्धत अधिक ओबडधोबड होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये युरोपीय संघात जाण्याच्या सार्वमतात 'होय'ला ५०.३५ टक्के मते पडली, फरक सुमारे साडेदहा हजार मतांचा. त्याआधीच्या आठवड्यांत एका रशियन बँकेमार्फत सुमारे १ लाख ३० हजार लोकांपर्यंत पैसे पोहोचवले गेले, असे तेथील पोलिसांनी सांगितले. मते विकत घेण्याचा जुनाच व्यवहार येथे फोनवरच्या अ‍ॅपमधून झाला.

या हल्ल्यांशी दीर्घकाळ झुंजणारा देश तैवान आहे. स्वीडनमधील व्ही-डेम संस्थेच्या पाहण्यांत परकीय अपप्रचाराचे लक्ष्य ठरलेल्या देशांत तो वर्षानुवर्षे अग्रस्थानी राहिला आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये जपानच्या कान्साई विमानतळावर चक्रीवादळामुळे हजारो प्रवासी अडकले. चीनच्या वकिलातीने बसगाड्या पाठवून आपल्या माणसांना सोडवले आणि तैवानचे अधिकारी हातावर हात ठेवून बसले, अशी बातमी पसरली. ती खोटी होती. टीकेच्या भडिमारात ओसाकातील तैवानच्या प्रतिनिधीने आत्महत्या केली. अफवा चिनी संकेतस्थळांवरून आली, तैवानी चर्चामंचांनी आणि वाहिन्यांनी ती वाढवली, आणि एका माणसाचा जीव गेला. अशा खोट्याविरुद्ध तैवानच्या नागरी संघटनांनी कंबर कसली. 'तैवान फॅक्टचेक सेंटर', 'मायगोपेन', 'कोफॅक्ट्स' यांसारख्या गटांनी लाइन या संदेश-अ‍ॅपवर नागरिकाने पाठवलेला संशयास्पद मजकूर तपासून त्याला तिथल्या तिथे उत्तर देण्याची सोय केली. सरकारने खोटे ठरवण्यापेक्षा लोकांनी एकमेकांच्या मदतीने ते ओळखावे, हा यातला विचार होता.

तरीही तैवानचे खरे बळ मोजणीच्या खोलीत आहे. १३ जानेवारी २०२४ रोजी दुपारी चार वाजता मतदान संपले आणि सुमारे १७,८०० केंद्रांवर तेथेच मोजणी सुरू झाली. अधिकारी प्रत्येक मतपत्रिका उचलून सर्वांना दाखवतो, उमेदवाराचे नाव मोठ्याने उच्चारतो, दुसरा फळ्यावरच्या कागदावर खूण करतो. कोणीही नागरिक समोर उभा राहून हे पाहू शकतो. मोजणीत घोळ झाल्याच्या चित्रफिती त्या रात्रीही फिरल्या. पण ज्यांनी स्वतः मोजणी पाहिली होती अशी माणसे प्रत्येक वस्तीत होती. लाय चिंग-ते ४० टक्के मतांवर निवडून आले आणि पराभूतांनी त्याच संध्याकाळी निकाल मान्य केला.

भारतात या विषयाची मांडणी वेगळ्या ठिकाणाहून करावी लागते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ६४ कोटींहून अधिक लोकांनी मतदान केले. परकीय हस्तक्षेपाचे जे प्रयत्न उघड झाले ते लहान होते. ओपनएआयने ३० मे २०२४ च्या अहवालात सांगितले की इस्रायलमधील एक व्यावसायिक कंपनी भाजपवर टीका आणि काँग्रेसची स्तुती करणाऱ्या प्रतिक्रिया कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार करत होती, आणि हा प्रकार सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आतच थांबवण्यात आला. मायक्रोसॉफ्टने त्याआधी चीनबद्दल इशारा दिला होता. भारतीय मतदाराच्या फोनवर येणारा खोटा मजकूर बहुतांशी देशातच तयार होतो. तो किती घातक ठरू शकतो हे महाराष्ट्राने राईनपाड्यात पाहिले. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या या गावात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. ज्या वाटेने अशी अफवा गावात शिरते, तिच्यावर परक्याला वेगळा दरवाजा बसवावा लागत नाही.

भारत केवळ लक्ष्य आहे असेही नाही. ब्रुसेल्समधील 'ईयू डिसइन्फोलॅब'ने डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीतील एका उद्योगसमूहाशी जोडलेले, पंधरा वर्षे चाललेले आणि ७५० हून अधिक बनावट प्रसारमाध्यमे असलेले जाळे उघड केले. कॅनडातील होग आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये तेथील निवडणुकांतील हस्तक्षेपात चीनखालोखाल भारताचे नाव घेतले. भारत सरकारने दोन्ही वेळा आरोप नाकारले. भारतीय वाचकाने ही माहितीही समोर ठेवून विचार केला पाहिजे.

मोजणीवरच्या विश्वासाचा प्रश्न महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर तीव्रपणे उभा राहिला. मतदान यंत्रे 'हॅक' करू शकतो असा परदेशात बसून दावा करणाऱ्या एका व्यक्तीची चित्रफीत पसरली. निवडणूक आयोगाने यंत्रे कोणत्याही जाळ्याला जोडता येत नाहीत असे सांगून तक्रार केली, आणि मुंबईच्या सायबर पोलिसांनी ३० नोव्हेंबरला गुन्हा नोंदवला. त्याच आठवड्यात सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी आपल्या गावचे आकडे पटत नाहीत म्हणून ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर स्वतःच चाचणी मतदान घेण्याचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावून ते होऊ दिले नाही. या दोन घटना एका मापाने मोजणे चूक आहे. पहिली बाहेरून आलेला खोटा दावा होती. दुसरी आपल्या मताचा हिशेब मागणारी नागरिकांची शंका होती. शंका बरोबर असो की चूक, तिला उत्तर मोजणीच्या कागदांनी द्यायचे असते.

ते कागद भारतीय व्यवस्थेत आहेत. मतदान संपताच केंद्रावरील प्रत्येक पक्षाच्या प्रतिनिधीला पडलेल्या मतांची नोंद असलेला फॉर्म १७सी मिळतो. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या जातात. सर्व चिठ्ठ्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी फेटाळली. मात्र २० डिसेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने निवडणूक नियमांतील ९३ वा नियम बदलून सीसीटीव्ही चित्रणासारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी सर्वसामान्यांच्या तपासणीतून वगळल्या. मतदाराचा खासगीपणा आणि चित्रणात कृत्रिम बुद्धिमत्तेने होऊ शकणारे फेरफार, ही कारणे देण्यात आली. बनावटीच्या भीतीने खऱ्या नोंदीच झाकून ठेवणे हा दिशा चुकलेला निर्णय आहे. खरी नोंद खुली असेल तरच बनावट नोंद तिच्याशी ताडून उघडी पाडता येते.

समाजमाध्यम कंपन्यांवर हे काम सोपवता येईल, ही आशा गेल्या काही वर्षांत मावळली आहे. मेटाने ऑगस्ट २०२४ मध्ये 'क्राउडटँगल' हे साधन बंद केले, ज्याच्या आधारे पत्रकार आणि अभ्यासक कोणता मजकूर किती पसरतो हे पाहत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील स्वतंत्र तथ्यपडताळणीचा कार्यक्रम बंद करण्याची घोषणाही केली. युरोपीय संघाने उलट वाट धरली. रोमानियाच्या प्रकरणावरून १७ डिसेंबर २०२४ रोजी त्याने टिकटॉकविरुद्ध औपचारिक चौकशी सुरू केली, आणि त्याच्या डिजिटल सेवा कायद्याचे ४० वे कलम पात्र अभ्यासकांना मोठ्या कंपन्यांची माहिती मागण्याचा हक्क देते. कोणत्या खात्याने काय पसरवले आणि ते किती लोकांपर्यंत गेले, हे निवडणुकीच्या काळात बाहेरच्या तज्ज्ञांना पाहता आले, तर बुखारेस्टच्या न्यायाधीशांसारखी गोपनीय कागदांवर विसंबण्याची वेळ येणार नाही. जगातील सर्वांत मोठा मतदारवर्ग असलेल्या भारतात अभ्यासकांना असा हक्क देणारा कायदा नाही. तो संसदेने करावा, आणि पुढच्या लोकसभा निवडणुकीच्या आधी करावा.